सरोजम्मा टीचरची शिरगणती

सरोजम्मा टीचरला आमच्या लेआउटात कुणी बोलावलं नव्हतं, सरकारनं धाडलं होतं. तिथं न बोलावता कुणी येत नसे. आलंच तर फाटकापाशी कुत्रं बघून घ्यायचं. पहिल्या दिवशी ही कर्नलच्या फाटकाशी उभी राहिली आणि आतनं वासराएवढं कुत्रं धावून आलं. मी शेजारच्या ओट्यावरनं बघत होतो. म्हटलं, संपली बाई. तिनं छत्री जमिनीला टेकवली आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, "सिट!" कुत्रं बसलं. मागनं कर्नल धावत आला, तर त्याला कन्नडमध्ये विचारती, "घरात माणसं किती?"

पुढं ओळख झाल्यावर मला म्हणाली, "रायरे, ह्या तुमच्या वस्तीत इंग्रजी मातृभाषा खरी ती कुत्र्यांची. बाकीचे थापा मारतात."

रायरे म्हणजे मी. नावामागं राव असला की बेंगळुरात कन्नड लोक असंच हाक मारतात. ती सगळं कन्नडमध्ये बोलायची, मी इथं मराठीत लिहितोय. चवीत स्वल्प फरक पडणार, चालवून घ्या.

ही गोष्ट एक्क्याण्णवच्या शिरगणतीची. सरोजम्मा महादेवपुराकडल्या एका सरकारी कन्नड शाळेत लहान पोरांना शिकवायची, आणि सरकारनं आमचा थर्ड क्रॉस, म्हणजे तिसरी गल्ली, तिच्या गळ्यात मारला होता. तिच्या कागदावर आमच्या घराच्या दोन ओळी होत्या. एक माझी, एक माझ्या बायकोची, तुळसाची. त्यातली माझी ओळ मी खोटी सांगितली. तुळसाला ते लागलं. आणि ते मिटायच्या आत तुळसा गेली. एका शब्दाचं काम होतं, पण तो शब्द सरकारच्या कागदावर जाऊन बसला होता, आणि त्याला तिथनं उठवू शकणारी ही एकच बाई. पण आधी ती होती कशी ते सांगतो.

पन्नाशीची, बुटकी, अंगानं भरलेली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, केसात अबोलीचा गजरा, खांद्याला कापडी पिशवी. कुणाच्याही घरात शिरताना चपला काढायची, आणि त्या घरातली माणसं चपला घालून हिंडत असली तर त्यांच्या पायांकडं बघत राहायची. त्यांनी काढेस्तोवर बघायची. सोफ्यावर कधी बसली नाही. "सोफ्यात बसलं की माणूस बुडतो, माणसाबरोबर अक्षर बुडतं," म्हणायची आणि स्टूल मागायची. आता अशा बंगल्यांत स्टूल कुठलं? कर्नलच्या बायकोनं शेवटी न्हाणीतलं प्लॅस्टिकचं आणून दिलं. त्याच्यावर बसून तिनं त्यांच्या दिवाणखान्यात कर्नलला उभं करून प्रश्न विचारले. उत्तर पुटपुटलं की म्हणायची, "मोठ्यानं. मागच्या बाकाला ऐकू गेलं पाहिजे." मागं बाक कुठलं, मागं त्यांच्या शिकारीच्या बंदुका. पण कर्नल मोठ्यानं बोलला.

कॉफी काम संपल्यावरच. "आधी कॉफी घेतली की पेन घरमालकाच्या बाजूनं चालतं," म्हणायची.

आमचा लेआउट म्हणजे पैसा झालेल्यांची वस्ती. त्याच्या आधी तिथं नाचणीची शेतं होती. मी मूळचा चामराजपेटेतला, पत्र्याच्या ट्रंका करायचो. कन्नड शाळेत चौथीपर्यंत गेलो, मराठी लिहायचं बाळबोध अक्षर बायकोकडनं शिकलो. आमचे वाडवडील तीनशे वर्षांमागं मराठी मुलखातनं इकडं आले. कुठल्या राजाबरोबर आले ते राजाला ठाऊक, परत कुणी नेलं नाही एवढं खरं. मुलगा मस्कतला कमवायला गेला, त्यानं इथं घर बांधलं आणि राखायला आम्हा दोघांना ठेवलं. बाकी लेआउटात दिल्ली-मुंबईकडनं बदलून आलेले साहेब, पलटणीतनं निवृत्त झालेले, परदेशातनं परतलेले, आणि नुकतेच यायला लागलेले कंप्युटरवाले. एकाच्या दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी, दुसऱ्याच्या दारात लिंबू-मिरची, तिसऱ्याच्या घरात मासे तळले की चौथा उदबत्ती लावायचा. एकमेकांशी बोलायचे इंग्रजीत, म्हणजे फार बोलायचे नाहीत. कन्नड लागायचं ते मोलकरणीशी आणि रिक्षावाल्याशी. त्यातही शब्द एकच: "बेगा, बेगा." लवकर, लवकर.

आदल्या वर्षी ती घरांना नंबर घालायला आली होती, तेव्हाच कर्नलशी तिची वाजली होती. त्यानं फाटकाच्या दोन्ही खांबांना काळा ग्रॅनाइट लावला होता, तोंड दिसेल इतका गुळगुळीत. तिनं त्याच्यावर ब्रशानं गेरूचा ठसठशीत नंबर काढला. कर्नल बाहेर येऊन बघतो तर काय! "मॅडम, हा ग्रॅनाइट आहे!"

"दिसतंय. ग्रॅनाइटलाही नंबर लागतो."

त्यानं पुसला. दुसऱ्या दिवशी तिनं परत काढला. त्यानं परत पुसला. तिसऱ्या दिवशी ती नुसता ब्रश घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पुसा की. पण मग ह्या जागी घर नाही असं लिहीन. घर नाही म्हणजे माणसं नाहीत. सरकारच्या लेखी तुम्ही नाहीच, मग पेन्शन कोण घेतंय ते विचारायला लागेल." कर्नलनं स्वतः डबा धरला म्हणे. हे 'म्हणे' तिचंच आहे, मी डबा बघितला नाही. नंबर मात्र राहिला.

खरी गंमत भाषेच्या रकान्याची. मातृभाषा काय, असं नुसतं विचारलं की आमच्या लेआउटातली निम्मी माणसं छाती काढून "इंग्लिश" म्हणायची. सरोजम्माला नियम पाठ होता: लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची, ती. पण एवढं लांबण कोण लावणार? तिनं त्या प्रश्नाला धार काढली होती. पेन वर धरून विचारायची, "तुमची आई शिवी कुठल्या भाषेत द्यायची?"

कर्नलच्या बायकोनं "इंग्लिश" सांगितलं होतं. हा प्रश्न ऐकून आधी ती लाल झाली, मग हसायला लागली, आणि मग तिच्या माहेरच्या कोडगू भाषेतली एक लांबलचक शिवी हात नाचवून तिनं अशी काही म्हणून दाखवली की आतनं कर्नल विचारत आला, "तुझी आई आली काय?" तेही कोडगूतच. सरोजम्मानं दोघांच्या ओळीत एकदमच लिहून टाकलं.

कोपऱ्यावरच्या अय्यंगार आजोबांनी सांगितलं, "संस्कृतम्." आणि पुरावा म्हणून श्लोक सुरू केला. तिनं तो पूर्ण ऐकून घेतला. हात जोडले. मग म्हणाली, "ही देवाची स्तुती झाली, अय्यनवरे. तुम्ही लोणच्याची बरणी फोडलीत तेव्हा आई काय म्हणाली?" आजोबांनी आधी स्वैपाकघराकडं बघितलं. मग तमिळमध्ये हळूच काहीतरी म्हणाले. "मोठ्यानं," सरोजम्मा म्हणाली. आजोबा मोठ्यानं म्हणाले, तर स्वैपाकघरातनं आजी टाळ्या वाजवायला लागल्या.

आमच्या घरी ती आली फेब्रुवारीच्या मध्याला. आली शेजारच्या केतकीला घेऊनच. केतकी पुण्याची, नवरा कंप्युटरवाला, लग्नाला वर्ष झालेलं. तिला कन्नड येत नव्हतं म्हणून तिच्या घरच्या प्रश्नांना आमची तुळसा दुभाषी होऊन गेली होती. ते आटोपून तिघी आमच्या ओट्यावर आल्या. स्टूल आमच्याकडं होतंच. सरोजम्मानं पॅड मांडीवर घेतलं आणि तुळसाला काही न विचारताच रकान्यात लिहायला लागली.

"काय लिवतीस?" तुळसानं विचारलं.

"आरे."

कन्नड लोक आम्हाला आरेरु म्हणतात, आमच्या बोलण्याला आरे-मातु. का म्हणतात कोण जाणे. आमच्या बापजाद्यांची मोजणी बहुतेक अशीच झाली असणार.

तुळसानं पेनच धरलं. "आरे ही भाषा न्हवं, अक्का. आरे ही हाक. मला काय हाक म्हणून मोजतीस? मराठी लिव."

आता केतकी पोर चांगली, पण पुण्याची. 'मराठी' एवढं तिला कळलं, तशी हसत म्हणाली, "काकू, तुमची मराठी खूप गोड आहे हं. पण ती मिक्स आहे ना? म्हणजे प्रॉपर मराठी नाही म्हणता येणार."

शब्द कळले नाहीत तरी नाक मुरडलेलं कुठल्याही भाषेत कळतं. सरोजम्मानं दोघींकडं बघितलं. म्हणाली, "वादच नको. तुम्ही दोघी भांडा."

"काय?"

"गोड बोलणं कुणालाही समजतं, नुसत्या हसण्यावर निभतं. भांडण समजलं तर भाषा एक. भांडा, मी ऐकते."

तुळसानं ते मराठीत सांगितलं. केतकी लाजली. मग म्हणाली, "काकू, राग मानू नका, पण आमच्या जास्वंदीची फुलं तुम्ही रोज सकाळी न विचारता तोडता."

"जास्वंद तुझी, फांदी कुणाच्या कंपौंडात आली? आन् तोडली ती देवाला घातली, माझ्या बोडक्यावर न्हाई."

"पण विचारायची पद्धत असते!"

"इचारू कुणाला? तू उठतीस कवा? आठला! देव काय आठपतोर पारोसा ठिवू?"

"मी आठला उठते की दहाला, तो माझा प्रश्न आहे!"

"उठ की बाराला! नवऱ्याला डब्यात काय पाव देतीस त्ये बी ठावं हाय मला!"

केतकीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं आणि तुळसा कमरेला पदर खोचायला लागली, तेव्हा सरोजम्मानं हात वर केला. "साकु, साकु! पुरे! एक शब्द वाया गेला नाही दोघींचा." आणि तुळसाला खालपासनं वरपर्यंत न्याहाळून तिच्या ओळीत सावकाश लिहिलं: मराठी. तुळसानं आत जाऊन केतकीसाठी कोडुबळे आणले, तांदळाची तिखट कडबोळी. केतकीनं रडत रडत चार खाल्ली.

हे भांडण मला पुढं केतकीनं सांगितलं; मी त्या वेळी मागच्या बाजूला फुटका ड्रम झाळून त्याला डाग देत होतो. लोखंड तापलेलं, आणि पुढनं हाका. वैतागून आलो. नाव, वय, काम सांगितलं. भाषा विचारली तेव्हा म्हटलं, "कन्नड लिही. जन्म दुकानात गेला, तिथं कन्नडच बोललो. सोड मला."

"आई शिवी कशात द्यायची, रायरे?"

"आई शिवी देत नव्हती. थेट मारायची."

सरोजम्मा हसली, तुळसानं सांगायच्या आधीच केतकीही समजून हसली. सरोजम्मानं माझ्या ओळीत कन्नड लिहिलं, कॉफी घेतली आणि गेली. हसली नाही ती तुळसा.

संध्याकाळी म्हणाली, "तुमी कन्नड? मग चाळीस वरसं मी कुणासंग बोलत हुते? भितीसंग?"

"अगं, सुम्मने सांगितलं. उगाच. काय फरक पडतो?"

"पडतो. त्या कागदावर ह्या घरात मराठी बोलणारी मी एकटीच. एकटीनं बोललं तर त्येला बडबड म्हणत्यात, भाषा न्हाई म्हणत."

आणि त्या दिवसापासनं ती माझ्याशी कन्नडमध्ये बोलायला लागली. बाजारातल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी. "बन्नी, कूतुकोळ्ळी." या, बसा. माझ्याच घरात मला! न्हाणीत पाणी काढून ठेवायची आणि बाहेरनं अदबीनं कन्नडमध्ये कळवायची. मी मराठीत बोलायचो, ती "सरी, सरी" म्हणून मान हलवायची, जणू परक्यापुढं पडतं घेती. मला हसू यायचं. म्हटलं, बघू किती दिवस काढती. आपण होऊन नमायचं नाही, हा माझा मूर्खपणा. माफी मागायला एक वाक्य लागलं असतं. रोज म्हणायचो, उद्या.

पंचवीस तारखेला सकाळी न्हाऊन आली, ओट्यावर टेकली, छातीवर हात ठेवला आणि गेली. काही बोलली नाही. त्यामुळं तिचं शेवटचं बोलणं राहिलं ते आदल्या संध्याकाळचं. "अन्न इदे," म्हणाली होती. भात आहे. कन्नडमध्ये.

मार्च लागला तशी सरोजम्मा परत फिरायला लागली. शिरगणतीचा तसा नियमच होता. मार्चच्या पहिल्या तारखेला सूर्य उगवताना जो जिवंत, तो धरायचा. आधी लिहून घेतल्यावर जे जन्मले ते वाढवायचे, गेले ते काढायचे. ती प्रत्येक फाटकाशी उभी राहून शाळेच्या आवाजात ओरडायची. आमच्याकडंही ओरडली, "रायरे! कमी-जास्ती काही?"

मुलगा मस्कतहून आला होता, दहाव्याचं सामान आणायला चामराजपेटेत गेला होता. ओट्यावर मी एकटाच.

"कमी," मी म्हणालो.

"कोण?"

"दोनच तर होतो, बाई."

ती फाटक उघडून आत आली. चपला काढल्या. छत्री कुठं ठेवावी ते तिला सुचेना, मग ती जमिनीवरच निजवून ठेवली. स्टुलावर बसली. पिशवी मात्र उघडली नाही.

"किती तारखेला?"

"पंचवीसला."

तिनं मान हलवली. मी म्हणालो, "चार दिवसांनी गेली असती तर?"

"तर राहिली असती."

"मग राहू दे की. दिल्लीहून कोण बघायला येतंय?"

"रायरे, समोरच्या घरात वीस तारखेला बाळ झालंय. आता तिकडंच निघालेय, ते वाढवायला. येणाऱ्याला धरायचं तर जाणाऱ्याला सोडायला लागतं. तुळसाक्कालाही मी फसवून ठेवणार नाही. त्या पेन धरणाऱ्या बाई होत्या."

वाईट वाटलं, पण बोलणं खरं होतं. मी म्हटलं, "काढ तर मग. पण माझी ओळ नीट कर. कन्नड लिहिलंयस तिथं मराठी लिही."

"तुम्हीच सांगितलंत. ह्या फेरीत जन्म आणि मृत्यू, एवढंच. मन बदललं म्हणून भाषा बदलता येत नाही."

नियमाला तुळसा ठाऊक नव्हती. सरोजम्मानं कागद काढला, आमच्या दोन ओळींवर बोट ठेवलं आणि बोट तिथंच राहिलं. मग वर न बघता तिनं विचारलं, "तुमची आई मारताना गप्प मारायची?"

"म्हणजे?"

"मारायची म्हणालात. तोंड मिटून मारायची? इतक्या वर्षांत मी अशी आई बघितली नाही."

मला आठवायला वेळ लागला नाही. तळ्यावर पोहायला गेलो की मार ठरलेला. चिंचेची फोक, आणि फटक्याला एकेक शब्द. "मेल्या... परत... जाशील... तळ्यावर?... जाशील?" माझ्या तोंडातनं ते आईच्याच चालीत बाहेर पडलं. किती वर्षांनी, देव जाणे.

"मोठ्यानं," सरोजम्मा म्हणाली.

मी मोठ्यानं म्हणालो. सबंध क्रॉसला ऐकू गेलं असेल.

"बघा, त्या दिवशी प्रश्न मी अर्धाच विचारला. तुमचं काही चुकलं नाही, माझं चुकलं. माझी चूक मला दुरुस्त करता येते." तिनं माझ्या ओळीतला एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, बाजूला बारीक सही केली. कागद माझ्याकडं फिरवून बोट ठेवून दाखवलं. मग पट्टी काढून तुळसाची ओळ सरळ खोडली. ते मला आवडलं.

त्या दिवशी कॉफी विचारायची सोय नव्हती, तिनंही वाट बघितली नाही. पुढं तिची बदली के. आर. पुरमपलीकडं झाली असं ऐकलं. मला ती परत भेटली नाही.

शेवटची बघितली ती त्याच सकाळी, आमच्या ओट्यावरनं. समोरच्या घरात बायको बंगाली आणि नवरा मल्याळी. तो फाटकातच तिला अडवून, स्वतःच्या छातीला बोट लावत, काहीतरी ठासून सांगत होता. त्याला काय लिहून हवं होतं ते त्याच्या हातवाऱ्यांवरनंच कळत होतं. तिनं त्याला छत्रीनं बाजूला सारलं, व्हरांड्यात पाळण्याजवळ जाऊन बसली, पॅड मांडीवर घेतलं आणि बाळाच्या आईकडं बघत राहिली. आईला काही कळेना. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. आई पाळण्यावर वाकली, आणि सरोजम्मानं पेन वर धरून कान पुढं केला.